ताटी

माघ वारीला जळगावहून मुक्ताईनगरकडे निघालेल्या दिंडीत मी यंदा पहिल्यांदाच चाललो. नशिराबाद, भुसावळ ही गावे कशी मागे पडली ते आता नीट आठवत नाही. आठवते ती वरणगाव ओलांडल्यानंतरची दुपार. डांबर तापले होते, डाव्या टाचेचा फोड फुटला होता आणि पुढचा टाळकरी एकच चरण पुन्हा पुन्हा चढ्या पट्टीत घेत असल्याने मला संताप येत होता. मुखी नाम होते, मनात मात्र त्याला गप्प करण्याचे शब्द जुळत होते.

मी मागे पडलो. केळीच्या बागेलगतच्या घराला कुलूप लावून, हातात विळा घेऊन एक बाई शेतात निघाल्या होत्या. माझे लंगडणे पाहताच त्यांनी काही न विचारता कुलूप पुन्हा काढले, चुलीवर पाणी कोमट करून त्यात मीठ टाकले आणि म्हणाल्या, "पाय ठेवा भाऊ, शेत कुठं पळून जात नाही." मग जुन्या लुगड्याची पट्टी त्यांनी अशी बांधली, की गाठ टाचेला लागू नये.

मी जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर पावत्या करतो. दिवाळीनंतर एका संध्याकाळी काटा बंद व्हायला दहा मिनिटे असताना एक म्हातारे शेतकरी गाडी घेऊन आले, आणि मी वैतागून "उद्या या" म्हणत खिडकी लावली. सकाळी ते गोणपाट पांघरून गाडीशेजारी बसलेले होते. ते काही बोलले नाहीत, मीही पुन्हा विचार केला नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी पावत्या आणि वजने मी काटेकोर जुळवत आलो, पण दिवसभरात कोणाशी कसा वागलो, हे कधी स्वतःला विचारले नव्हते. ते त्या उंबऱ्यावर, पाय पाण्यात असताना, मनात आले.

रात्री मुक्कामी ताटीचे अभंग झाले. रागावून ताटी, म्हणजे झोपडीचे दार, लावून बसलेल्या ज्ञानदेवांना धाकटी मुक्ताई विनवते, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो; त्या रात्री मान वर करवेना, आणि शेजारी तोच टाळकरी डोळे मिटून गात होता.

मुक्ताईचे दर्शन झाले, चांगदेव गावी तापी-पूर्णेच्या संगमावर स्नान झाले. परतल्यावर जुने पावतीपुस्तक काढून त्या सकाळची पावती शोधली. तिच्यावर माझ्याच अक्षरात त्यांचे नाव आणि गाव आहे. रविवारी तेथे जाणार आहे.