गल्ले फुटले एका सकाळी, नाणी बँकेत जायला अठरा दिवस – माझा अनुभव

आधी महत्त्वाचं सांगते, मग बाकीचं. मातीच्या गल्ल्यात मदत गोळा करायचा कुणाचा विचार असेल तर चाकावर माती चढवायच्या आधी बँकेत जा. मॅनेजरांना भेटा, अंदाजे किती नाणी येतील ते सांगा आणि कुठल्या दिवशी आणायची ते ठरवून घ्या. आम्ही हे केलं नाही. आम्हाला वाटलं पैसे गोळा होणं अवघड, भरायचं काय, स्लिप लिहिली की झालं. उलटंच निघालं.

आमचं घर कोल्हापुरात, शाहूपुरी कुंभार गल्लीत. आमचे हे चाकावर बसतात, मामा (सासरे) भट्टी लावतात, चिरा पाडणं, घोटणं आणि रंगकाम माझ्याकडे. वर्षभर घट, पणत्या, सुगडं, उन्हाळ्यात माठ, आणि त्याआधी-मधी गणपती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३ आहे), घरात पाणी, शाडूच्या मूर्ती जागच्या जागी विरघळल्या, आणि त्या आठवड्यात ओळख ना पाळख अशी माणसं भाकरी-चटणी बांधून आणून देत होती. कुणी दिली, नाव काय, काहीच माहीत नाही. ते मनात राहिलेलं.

गल्ल्याचं मात्र सुचलं होळीला. आपल्याकडे होळी लहान करून शेणी पंचगंगा स्मशानभूमीला द्यायची पद्धत आहे ना, कुणी दोन देतं, कुणी पाच, कुणी टेम्पो भरून. आम्ही भट्टीला शेणी वापरतो म्हणून आमच्या घरी ढीग असतो. धाकटा त्यातल्या दोनच उचलून घेऊन गेला आणि परत आला तो असा की जणू त्यानेच सगळी व्यवस्था केली. मग वाटलं, पोरांना देता येईल एवढं लहान काहीतरी आपल्या हातचं असावं.

सीपीआरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, लांबच्या गावांवरनं पेशंट येतात, त्यांच्याबरोबरच्या माणसांचे जेवणाचे हाल होतात. त्यांना जेवण देणारी एक नोंदणीकृत संस्था आमच्या ओळखीची, पैसे त्यांच्याच खात्यात जायचे ठरलं. त्यांनी आम्हाला पत्र दिलं, पावतीपुस्तक दिलं. तुमच्यामागे अशी संस्था नसेल तर स्वतःच्या नावाने गोळा करायला बसू नका, धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते, गणपती मंडळं घेतात तीच.

गल्ला बनवणं हे आमचं रोजचं काम, त्यात सांगण्यासारखं एकच, चीर. दहाचं आणि वीसचं नाणं दोन्ही २७ मिलीमीटर रुंद. माती वाळताना आणि भाजताना आखडते, साधारण दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ओल्या मातीत ३० ची चीर पाडली तर भाजल्यावर जेमतेम २७ उरते. पहिल्या भट्टीतले चाळीस गल्ले असेच निघाले, दहाचं नाणं अडकायचं. मग ३३ ची चीर पाडली. निम्मं वाळल्यावरच पाडा, ओलं असताना कडा दुमडतात आणि पूर्ण वाळल्यावर तडा जातो. खाली बूच ठेवायचं नाही हे माझं म्हणणं होतं. बूच असलं की घरातलं कुणीतरी नडीअडीला काढतं, मग पोरगं हिरमुसतं. फोडल्याशिवाय निघायचंच नाही.

रंगकामात मी एक केलं ज्याचा मला आजही अभिमान आहे. गल्ला गेरूने रंगवला, पुढच्या बाजूला एक रिकामी ताटली काढली आणि बाकी सगळं कोरं सोडलं. पोरांना सांगितलं, नाणं टाकलं की पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. आणि पैसे नसतील तर कुणाचं तरी काम करायचं, आजीला चष्मा शोधून द्या, शेजारच्यांचं पाणी भरा, त्यालाही ठिपका. २०२४ च्या घटस्थापनेला, ३ ऑक्टोबरला, दोन शाळा आणि आमची गल्ली मिळून २४० गल्ले वाटले. २०२५ च्या अक्षय्य तृतीयेला फोडायचे ठरवलं, त्या दिवशी पाण्याचा घट दान देतात, आमच्याकडनंच लोक नेतात, त्यामुळे दिवस बरोबर वाटला.

३० एप्रिलला १८७ गल्ले परत आले. काही गल्ल्यांवर गेरू दिसतच नव्हता, नुसते ठिपके. एका गल्ल्यात अकरा रुपये निघाले आणि तो गळ्यापासून बुडापर्यंत ठिपक्यांनी भरलेला. पोरं फोडायला तयार होईनात. त्यांना सांगितलं की ह्या खापऱ्या आम्ही कुटून चाळून नव्या मातीत घालणार, त्याने नवा गल्ला कमी आखडतो, कमी तडकतो, म्हणजे तुझा गल्ला पुढच्या वर्षीच्या गल्ल्यात असणार. हे खरंच आहे, मामा आधीपासून खापरीचा भुगा वापरतात. मग ठणाठण फुटले.

रात्री दोनपर्यंत मोजलं. नोटा १८,२७० रुपयांच्या, नाणी ३५,५३० रुपयांची. नऊ हजारावर नाणी, दोन पोत्यांत मिळून पन्नास किलोच्या आसपास. १ मे ला बँक बंद, २ मे ला शुक्रवारी संस्थेचे खजिनदार काका आणि मी रिक्षाने पोती घेऊन संस्थेचं खातं असलेल्या शाखेत गेलो. शाखेचं नाव लिहीत नाही.

नोटा पाच मिनिटांत घेतल्या. नाणी बघून खिडकीतले म्हणाले, "ताई, एवढं कोण मोजणार? आज कॅशियर एकच हायत. सोमवारी या."

सोमवारी, ५ तारखेला, परत रिक्षा, परत पोती. दुसरे साहेब होते. त्यांनी सांगितलं, कायद्याने एका वेळी एक हजाराचीच नाणी घेता येतात, रोज हजार घेऊन या. म्हणजे छत्तीस खेपा! रिक्षाचं भाडंच किती होईल हो. काका वयस्कर माणूस, ते तयारसुद्धा झाले, म्हणाले मी येतो रोज चालत. माझ्या डोळ्यात पाणी आलं, रागाने.

घरी येऊन मुलीला मोबाइलवर शोधायला लावलं. हजाराचा नियम खरा आहे, नाणे कायदा २०११ चं कलम ६, एक रुपयाची किंवा त्याहून मोठी नाणी हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन. पण त्याचा अर्थ, देणं फेडताना हजाराच्या वर नाणी घ्यायची समोरच्यावर सक्ती नाही. खात्यात भरण्याची गोष्ट वेगळी. ग्राहकाने खात्यात किती नाणी भरावीत याला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही, उलट शाखांनी नाणी घ्यावीत अशाच सूचना आहेत, आणि एक-दोनची नाणी वजनावर किंवा शंभर-शंभरच्या प्लास्टिक पिशव्यांत घेतली तर सोपं जातं असंही त्यांनीच लिहिलंय. हे सगळं रिझर्व्ह बँकेच्या साइटवर मिळतं, प्रिंट काढून घ्या. नुसतं तोंडी सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

मग तीन रात्री आम्ही घरचे सगळे पिशव्या भरत बसलो. दहाची वेगळी, पाचची वेगळी, दोनची, एकची, वीसची चौसष्ट निघाली ती वेगळी. ह्यात चार आण्याची सात नाणी निघाली, कुणाच्या तरी आजीच्या डब्यातली असणार. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद आहेत, ती बँक घेत नाही, घालू नका. आठ आणे मात्र अजून चालतात.

९ मे ला शुक्रवारी पिशव्या घेऊन गेलो, प्रत्येकीवर चिठ्ठी, आकडा, बेरीज. आता तरी घेतील असं वाटलं होतं. साहेबांनी एक पिशवी उचलून बघितली आणि म्हणाले, "छान केलंय तुम्ही, पण आमच्याकडं आधीचीच नाणी पडून हायत, ठेवायला जागा न्हाई, लोक नेत न्हाईत." आणि मग सल्ला दिला की एवढ्या रकमेचं तुम्हीच घरनं ऑनलाइन करा आणि नाणी हळूहळू बाजारात खपवा.

मला त्यांची अडचण समजते. बाजारात दहाचं नाणं दिलं की आमच्या गल्लीतला दुकानदार पण परत सरकवतो, मग बँकेत साठणारच. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जानेवारीतच सांगितलंय की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चालतात, तरी लोक रुपयाच्या चिन्हाचं खरं आणि दुसरं खोटं असं करत बसतात. पण आम्ही कुंभार माणसं, ३५ हजार घरात पडलेले नसतात की असे ऑनलाइन टाकायला. आणि असते तरी मी तसं केलं नसतं. त्या पोराने अकरा रुपये दिलेत तर तेच अकरा रुपये बँकेने घेतले पाहिजेत. लहान पोरांना आपण सांगायचं की थोडं दिलंत तरी मोठं आहे, आणि मोठ्या माणसांनी ते थोडं काउंटरवरनं परत पाठवायचं, हे मला पटलं नाही आणि पटणारही नाही.

आता जे उपयोगी पडलं ते. १२ ला बुद्धपौर्णिमेची सुट्टी, १३ तारखेला काकांनी संस्थेच्या लेटरहेडवर लेखी तक्रार दिली. तारखा, कोण काय म्हणालं, किती रक्कम, आणि शेवटी एकच ओळ की नाणी स्वीकारणार नसाल तर तसं लेखी द्या. दोन प्रती न्या. एका प्रतीवर शिक्का आणि सही मिळाल्याशिवाय हलू नका, आम्हाला तिथे पाऊण तास बसवलं, "ठेवून जा" म्हणत होते, आम्ही बसून राहिलो, आवाज चढवला नाही. शिक्का महत्त्वाचा कारण बँकेला तक्रार दिल्यावर तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तरच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, थेट जाता येत नाही. त्यांचा नंबर १४४४८, तिथे फोन करून विचारलं तर नीट सांगतात.

तीस दिवस लागलेच नाहीत. १६ तारखेला काकांना फोन आला, सोमवारी या. १९ आणि २० मे, दोन दिवस, दुपारी गर्दी ओसरल्यावर एका तरुण कॅशियर मुलीने सगळ्या पिशव्या मोजल्या. आमचा आकडा आणि तिचा आकडा एकच आला, एक रुपयाचाही फरक नाही. तिने विचारलं गल्ले कुठे मिळतात, मी पर्समध्ये नेलेला एक तिला तिथेच दिला. तिच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, उलट पहिल्या दिवशी तीच खिडकीवर असती तर हा लेख लिहावाच लागला नसता. स्लिपवर शिक्का पडला तेव्हा काकांनी डोळे पुसले आणि आम्ही बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो.

राहिलेलं एक. ज्यांना करात सूट पाहिजे त्यांनी गल्ल्यात मोठी रोकड टाकू नये, त्या सवलतीसाठी दोन हजाराच्या वरची रोख देणगी धरत नाहीत. एका व्यापाऱ्यांनी हौसेने पाच हजार रोख आणले होते, त्यांना चेक द्यायला सांगितला, तो मी वर धरलेला नाही. आणि एक-दोन-पाचची नाणी लक्ष्मीपुरीतले दुकानदार सुट्ट्यासाठी आनंदाने घेतात, नोटा देतात, हे आम्हाला १५ मे ला कळलं, तोपर्यंत तक्रार गेली होती म्हणून आम्ही तसं केलं नाही. तुम्ही करू शकता, फक्त मोजताना दोघं असा आणि वहीत लिहा.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी पावती घेऊन गेले, ५३,८०० चा आकडा वाचून दाखवला. टाळ्या झाल्या. मग दुसरीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "काकी, त्यात माझे किती होते?" मला सांगता आलं नाही. सगळे गल्ले एकाच ताडपत्रीवर फोडले होते, अकरावाला सोडला तर कुणाचे किती ते आम्ही लिहिलंच नव्हतं. ती "बरं" म्हणून बसली, पण तिचा चेहरा मला बँकेच्या अठरा दिवसांपेक्षा जास्त लागला.

म्हणून ह्या वर्षी बुडाला नंबर कोरतेय, ओल्या मातीतच, खिळ्याने, आणि वहीत नंबरासमोर नाव. माती जुन्या खापऱ्यांच्या भुग्याची आहे, कमी आखडते, तरी चीर ३३ चीच ठेवलीय. बँकेत जाऊन पुढच्या अक्षय्य तृतीयेनंतरचे दोन दिवस मॅनेजरांकडनं आधीच मागून घेतलेत. घटस्थापना २२ सप्टेंबर २०२५ ला, कालपर्यंत १६० नंबर झाले, उरलेले ८० ऊन पडलं तर उद्या.