मागवीतला बियाणे बाजार : माझा अनुभव

२०१९च्या फेब्रुवारीत मी दक्षिण सुदानच्या ईस्टर्न इक्वेटोरिया राज्यातल्या मागवी काउंटीत पोचलो, तेव्हा पहिल्या पावसाला जेमतेम सहा आठवडे उरले होते. जुलै २०१६मध्ये जुबा शहरात पुन्हा लढाई पेटली आणि दक्षिणेकडे पसरली, तेव्हा या भागातील असंख्य कुटुंबे सीमा ओलांडून युगांडात गेली होती. सप्टेंबर २०१८च्या शांतता करारानंतर त्यांतली काही परतू लागली होती. एका मदत संस्थेचा कृषी अधिकारी या नात्याने पेरणीआधी साडेचारशे कुटुंबांच्या हाती बियाणे पडेल, याची व्यवस्था मला करायची होती.

मूळ आराखड्यात बियाणे बाहेरून विकत आणून पिशव्या वाटायच्या होत्या. मी मंगळवेढ्याकडचा, मालदांडीच्या मुलखातला. त्यामुळे बैठकीत मी सर्वांत आधी ज्वारीच्या वाणांची चौकशी केली. असिदा, म्हणजे पिठाचा उकडलेला गोळा, घट्ट होण्यासाठी कोणती ज्वारी लागते, लवकर कोणती निघते, पाखरे कोणत्या कणसांना कमी लागतात, हे तिथल्या बायकांनी इतके नेमके सांगितले की बाहेरच्या पिशव्यांत यातले काय असेल, असा प्रश्न मलाच पडला. बियाणे शेजारच्या पायामांत, म्हणजे काउंटीतल्या उपविभागांत, आणि आठवडी बाजारात धान्य विकणाऱ्या बायकांकडे होते. परतलेल्यांकडे ते घ्यायला पैसे नव्हते, एवढीच अडचण होती. म्हणून आम्ही पिशव्या रद्द करून कुपनांवर चालणारा बियाणे बाजार भरवायचे ठरवले : कुटुंबांनी पैशांऐवजी कुपने देऊन बियाणे घ्यायचे आणि त्या कुपनांचे पैसे विक्रेत्यांना संस्थेने द्यायचे.

सर्वांत जास्त वेळ यादीने खाल्ला. परतलेल्यांनाच मदत द्यावी असे कागदावर होते, पण जे गाव सोडून गेलेच नाहीत त्यांचीही कोठारे लुटली गेली होती आणि नातेवाइकांना त्यांनीच घरात घेतले होते. प्रत्येक बोमात, म्हणजे पायामातल्या सर्वांत लहान विभागात, झाडाखाली बसून नावे मोठ्याने वाचली, हरकती ऐकल्या आणि शेवटी दर तीन कुपनांमागे एक न गेलेल्या कुटुंबाला दिले. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. जुन्या युद्धांतल्या सुरुंगांच्या भीतीने ज्यांची शेते पडीक होती, त्यांनी आधी दुसऱ्याची जमीन मागून घ्यावी आणि मगच कुपन घ्यावे, असेही ठरले.

त्यानंतर उगवणशक्तीची तपासणी. आपल्याकडे सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते पाहतात. तेच आम्ही ज्वारी, तीळ आणि भुईमुगासाठी, विक्रेत्यांच्या डोळ्यांसमोर केले. एका विधवा विक्रेतीच्या ज्वारीचे शंभरांतले अठ्ठावन्नच दाणे उगवले. तिची वर्षभराची पुंजी त्या पोत्यांत होती आणि तरीही तिला नाही म्हणावे लागले, कारण विरळ उगवलेल्या एका फेद्दानाने, म्हणजे आपल्या साधारण एका एकराने, कोणाचे तरी घर पुढचे चार महिने उपाशी राहिले असते. तो माल तिने बाजारात धान्य म्हणून विकला. भाव अर्थातच कमी आला.

बाजार मार्चच्या अखेरीस भरला. सकाळी विक्रेते आणि शेतकरी समोरासमोर बसून दर ठरवत होते, आणि तिथेच लक्षात आले की फेब्रुवारीत दक्षिण सुदानी पौंडांत छापलेल्या कुपनात आता ठरवल्यापेक्षा कमी बियाणे बसते. वाढीव कुपनांची मंजुरी दुपारी आली. तोवर कोणी ज्वारी कमी घेऊन भुईमूग घेतला होता, कोणी भुईमूग टाळून तीळ. एका आजीने सगळ्या कुपनांचा तीळच घेतला, आणि तिच्या शेतातली रेताड माती पाहिल्यावर मला तिची निवड पटली.

जमा कुपनांचे पैसे तीन दिवसांत मिळतील, असे वचन मी विक्रेत्यांना दिले होते. ते तीन आठवड्यांनी मिळाले, कारण मुख्य कार्यालयाला अंगठ्यांचे ठसे आणि यादीतली नावे पुन्हा जुळवून हवी होती. या एकोणीस विक्रेत्यांत बहुतेक थोडाथोडा माल विकणाऱ्या बायका होत्या. काहींनी शेजाऱ्यांकडून उधारीवर बियाणे गोळा केले होते आणि पाऊस पडल्यावर त्या शेजाऱ्यांना आपली स्वतःची पेरणी करायची होती. रोज संध्याकाळी त्या कार्यालयाबाहेर येऊन बसत आणि मी त्यांना कागद कुठवर पोचले ते सांगे. दिलेला शब्द मला पाळता आला नाही, याचे दुःख अजून आहे.

ऑगस्टच्या दुसऱ्या हंगामाआधी आम्ही अंगठ्यांची पडताळणी बाजाराच्या जागेवरच केली आणि निम्मी रक्कम आगाऊ हाताशी ठेवून त्याच संध्याकाळी वाटली. उरलेली निम्मी मिळायला तेव्हाही अकरा दिवस लागले.