ताट बघून प्रार्थना करायची नाही

आमच्या चर्चच्या मंडळीचा कुटुंब मेळावा दरवर्षी २६ जानेवारीला असतो. सुट्टी हमखास, हवा बरी, आणि नाताळच्या करंज्या-चकल्यांचे डबे नुकतेच रिकामे झालेले, म्हणजे बायकांचे हात मोकळे. भायखळ्याला चर्चच्या आवारात आधी झेंडावंदन, मग उपासना, पाहुण्यांचं भाषण, साक्षी (म्हणजे देवाबद्दलचा आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगणं), रविवार शाळेच्या मुलांचं नाटुकलं, जेवण, खेळ. अहवालवाचन, जमाखर्च, नव्या कमिटीची नावं हेही सगळं होतं. त्याबद्दल मी लिहीत नाही, ज्यांना हवं त्यांनी नोटीस बोर्ड बघावा.

पूर्वी ह्या मेळाव्याला बोलवावं लागत नसे. मंडळी सगळी चालत येण्याच्या अंतरावर, भायखळा, माझगाव, आग्रीपाडा, नागपाडा, फार तर लालबाग. झेंडावंदनाचं गाणं सुरू झालं की गल्लीतून लोक येताना दिसायचे, पोरांचे केस ओले, तेल कपाळावर ओघळलेलं. आता निम्मी मंडळी डोंबिवली-कल्याणच्या पलीकडे, काही विरारला, काही पनवेलला. त्या दिवशी लोकल रविवारच्या वेळापत्रकाने धावतात. तरी बदलापूरचं एक कुटुंब, त्यात दोन लहान मुलं आणि एक गुडघे दुखणारी आजी, पावणेआठला दारात उभं असतं. आणि ज्यांना घरातून चर्चचा घंटानाद ऐकू येतो ते साडेदहाला येतात. मी कोणाचं नाव घेत नाही. २६ जानेवारी शनिवार-रविवारला चिकटून आली की तर विचारूच नका. अर्धा तरुण संघ अलिबागला. तिथून ग्रुपवर फोटो येतात, समुद्र, तळलेलं सुरमई, आणि खाली 'मेळाव्याला शुभेच्छा'. इथे आम्ही पाच जणी शंभर माणसांच्या भाताचं आधण बघत उभ्या.

असो.

पाहुण्यांचं भाषण हा एक ठरलेला प्रकार आहे. पाहुणा कुठलाही आणा, तो १८१३ पासून सुरुवात करतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, कंपनी सरकारने त्यांना परत जायला सांगितलं, ते गेले नाहीत. मग १८४२, अहमदनगरला 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं. मग १८९५, कवी नारायण वामन टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा. मग थेट १९७०, नागपूर, सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तोवर मसालेभाताला वरून कोरडी पापडी धरलेली असते. इतिहास मोलाचा आहे, मला मान्य आहे. पण नारायण वामन टिळकांबद्दल तासभर बोलणाऱ्या एकाही पाहुण्याला आजवर लक्ष्मीबाईंच्या चुलीबद्दल चार वाक्यं बोलावीशी वाटली नाहीत. नवरा ख्रिस्ती झाला, ताटातूट झाली, काही वर्षांनी ती परत त्याच्याबरोबर राहायला आली तीही स्वतःचं सोवळं सांभाळत, स्वतःची चूल वेगळी ठेवून. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. एका छपराखाली दोन चुली आणि दोघांनी धरलेला धीर, कुटुंब मेळाव्याला याहून चांगला विषय कोणता? एकदा मी एका पाहुण्यांना चहा देताना हे सुचवलं. ते म्हणाले, "छान मुद्दा आहे, बाई," आणि व्यासपीठावर जाऊन त्यांनी १८१३ पासून सुरुवात केली.

शास्त्रवाचन बहुतेक बायबलमधल्या स्तोत्र १२८ चं असतं. त्यात देवाचं भय बाळगणाऱ्याच्या घराचं चित्र आहे: बायको घराच्या आतल्या भागात फळलेल्या द्राक्षवेलीसारखी आणि मुलं मेजाभोवती जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, रोपांसारखी. एका वर्षी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, रविवार शाळेच्या मुलांना विचारलं, जैतून कोणी पाहिलंय का? एका मुलाने हात वर केला, "पिझ्झ्यावर असतं ते, मी काढून ठेवतो." मंडळी इतकी हसली की वाचन अर्ध्यावर थांबलं. पाळकसाहेब स्वतःच हसत होते, आणि मग म्हणाले, घरातली काही जैतुनं अशीच काढून ठेवलेली असतात, त्यांना मेजावर परत घ्या. खरं तर त्या दिवशीचा उपदेश तिथेच झाला होता. पुढची पंचवीस मिनिटं उगाच.

पण मी दरवर्षी जिच्यासाठी थांबते ती साक्षींची वेळ. कमिटी तीन कुटुंबांना आधी सांगून ठेवते आणि चौथी जागा ऐनवेळी उठणाऱ्यासाठी रिकामी असते. साक्ष म्हटलं की लोकांना वाटतं मोठा चमत्कार हवा, डॉक्टरांनी हात टेकले आणि मग देवाने वाचवलं अशी. तशाही झाल्या आहेत, आणि प्रभूची कृपा मोठी आहे, मी नाकारत नाही. माझे डोळे मात्र पाणावतात ते ज्यांची अडचण अजून सुटलेली नाही अशांच्या साक्षीने. सुटल्यावर उपकार मानणं सोपं. मधल्या काळात घरात रोज काय बोललं गेलं, कोण कोणावर चिडलं, कोणी दिवा मालवून अंधारात एकट्यानेच प्रार्थना केली, ते सांगणं अवघड आहे.

लालबागहून येणाऱ्या एक आजी होत्या. त्यांचे मालक गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा घरात तीन मुलं आणि सासू. त्या माइक हातात घेत नसत, टेबलावर ठेवायला लावत, आणि पदर दोन्ही हातांनी धरून बोलत. त्यांच्या घरी रात्रीची कौटुंबिक उपासना चुकत नसे. मालक रोज मागायचे की संप मिटू दे. महिने गेले, वर्ष गेलं. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, गिरणीत परत बोलावणंही आलं नाही. आजींनी पोळ्या लाटून डबे सुरू केले, मालक ते सायकलवरून पोचवू लागले. "पहिल्यांदा डबे घेऊन निघाले तेव्हा ह्यांनी मान वर केली नाही," त्या म्हणाल्या. "पण जेवायला बसलो की प्रार्थना तेवढीच. ह्यांचा नियम होता, ताट बघून प्रार्थना करायची नाही. मटण असलं म्हणून लांब नाही आणि चटणी-भाकर असली म्हणून आखूड नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि मुलांना तर लांबच वाटायची, भूक लागलेली असायची ना." सगळे हसले. त्यांनी 'आनंद' हा शब्द उच्चारलासुद्धा नाही. प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा असं पौलाने तुरुंगातून लिहिलं, हे मला लहानपणापासून पाठ आहे. लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीने मला ते समजावलं.

दुसरी साक्ष आठवते ती रेल्वेत नोकरीला असलेल्या एका भाऊंची. हा माणूस कमी बोलणारा, दोन मिनिटांत खाली बसला. मुलीची दहावी होती. निकालाच्या आधीच्या रविवारी त्यांनी उपकारस्तुतीचं पाकीट दानपात्रात टाकलं. पाकिटावर कारण लिहायचं असतं, त्यांनी लिहिलं, 'मुलीचा निकाल'. पाळकसाहेबांनी ते उपासनेत वाचून दाखवलं आणि बाहेर पडताना सगळी मंडळी त्या मुलीला विचारू लागली, किती टक्के? तिला रडू कोसळलं. घरी गेल्यावर ती बापावर ओरडली, निकाल लागायचाय अजून, कशाचे उपकार मानलेत? भाऊ म्हणाले, "जो लागेल त्याचे." मेळाव्यात हे सांगून झाल्यावर मागून कोणीतरी विचारलंच, मग किती पडले? भाऊंनी उत्तर दिलं नाही, हात जोडून खाली बसले. मुलगी तिसऱ्या रांगेत होती. तिने मान खाली घातली होती, पण ओठ दाबून हसत होती हे माझ्या जागेवरून दिसत होतं.

नव्या जोडप्यांपैकी एकाची साक्ष तर अजून बायका एकमेकींना सांगतात. रागातच असताना सूर्य मावळू देऊ नका असं बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात आहे. नवरा कॉल सेंटरमध्ये, रात्रपाळी. बायको सकाळच्या शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "आमचा सूर्य नेमका कधी मावळतो तेच आम्हाला कळत नाही. ते उठतात तेव्हा मी झोपायच्या तयारीत." म्हणून त्यांनी ठरवलं की भांडण फ्रिजवरच्या कागदावर लिहायचं, आणि दुसऱ्याने ते वाचून खाली प्रार्थनेचं एक वाक्य लिहायचं. एकदा नवऱ्याने लिहिलं होतं, 'हे प्रभू, हिचं बरोबर आहे, पण मला ते मान्य करवत नाही.' पाळकीणबाईंना हसू आवरेना. आमच्यातल्या ज्येष्ठांना असलं उघड बोलणं फारसं रुचलं नाही. मला रुचलं.

मुलांच्या नाटुकल्यात एका वर्षी येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला होता, आमच्याच गुरुजींनी मुंबईत आणून बसवलेला. धाकटा चाळीतल्या खोलीतला वाटा मागून दुबईला जातो, पैसे उडवतो, परत येऊन वडापावच्या गाडीवर कढया घासतो. बाप रोज संध्याकाळी गॅलरीत उभा. धाकटा आल्यावर मटणाचा बेत होतो आणि थोरला दारातच थांबतो. थोरल्याचं काम करणारा मुलगा जेमतेम बारा वर्षांचा, पण काय बोलला! "पाणी मी भरायचं, रेशन मी आणायचं, बाबांना दवाखान्यात मी न्यायचं, आणि मटण ह्याला?" बायकांच्या रांगांतून टाळ्यांचा कडकडाट. शिट्टीसुद्धा ऐकू आली. पाळकसाहेब उठून पुढे आले आणि म्हणाले, "बापाचं उत्तर अजून व्हायचंय, तुम्ही आधीच टाळ्या वाजवल्यात." मग बापाने सांगितलं, बाळा, तू तर कायम माझ्याजवळ आहेस, माझं जे आहे ते तुझंच आहे. ह्या वेळी टाळी कोणी वाजवली नाही. मीही सकाळी सहापासून उभी होते, साडेदहावाल्यांना सावलीतल्या खुर्च्या मिळालेल्या बघत होते, तेव्हा ते उत्तर मला उद्देशून आहे हे काय कळलं नाही थोडंच? तरीही धाकट्याने निदान त्या दिवशीची भांडी घासायला हरकत नव्हती, असं माझं मत कायम आहे.

२०२१ चा मेळावा फोनवर झाला. चर्चचं फाटक बंद होतं. झूमवर कोणाचं नुसतं कपाळ, कोणाच्या घरचा पंखा. भजनाला सुरुवात झाली आणि प्रत्येक घर आपापल्या तालात. शेवटी एकाच घराने गायचं आणि बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून ओठ हलवायचे असं ठरलं. लालबागच्या आजी तोवर प्रभूमध्ये निजल्या होत्या. त्यांच्या नातवाने जेवणाआधीची प्रार्थना केली. माझ्यासमोर ताटात काल उरलेली भाजी होती. त्याने चांगली लांब प्रार्थना केली.

आता आभार. नावं घेत नाही, कारण एक नाव घेतलं की दुसरं रुसतं. पण कोणी सुटू नये म्हणून क्रमाने लिहिते. चर्चची देखभाल करणारे सेक्सटनकाका, जे आदल्या रात्री आवारातच झोपतात, आणि काकी, ज्या पहाटे पाच वाजता पहिला चहा टाकतात. मंडपवाले चाचा मदनपुऱ्याचे, दरवर्षी म्हणतात ह्या खेपेला भाव वाढवणार आणि वाढवत नाहीत. हार्मोनियमवर गुरुजी. तबला घेऊन डोंबिवलीहून लगेजच्या डब्यातून उभ्याने येणारा मुलगा. झेंड्याची दोरी ओढून बघणारे निवृत्त हवालदारकाका. आचारी आणि त्याचे दोन मदतनीस. कांदा चिरणाऱ्या पाच जणी, ज्यांत मी एक. ताटं मोजून देणाऱ्या आणि मोजून घेणाऱ्या माझगावच्या आत्या, ज्यांच्यामुळे आजवर एकही चमचा हरवलेला नाही. भजनांचे कागद ऑफिसातून छापून आणणारा, ज्याचं ऑफिस मी सांगणार नाही. रक्तदाब तपासायला बसणाऱ्या डॉक्टरबाई. संगीत खुर्चीला न्यायनिवाडा करणारे आणि त्यासाठी शिव्या खाणारे तरुण संघाचे सचिव. समोरच्या चाळीतले शेजारी, जे आमचा लाउडस्पीकर सकाळपासून ऐकून घेतात आणि दुपारी पोरांना जिलेबी घ्यायला पाठवतात. दरवर्षी तांदळाची गोणी पाठवणारं एक घर, चिठ्ठीशिवाय. ते कोण हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. बदलापूरची आजी, जी काम करू शकत नाही पण बसल्या बसल्या सगळी मटारची पोती सोलून देते. पाळकसाहेब आणि पाळकीणबाई तर आहेतच. चपलांजवळ बसणारा मुलगा. खजिनदार माझेच यजमान आहेत, त्यांचे आभार घरी मानते.

येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन सकाळी ८ वाजता आहे, साडेदहाला नाही. साक्षीची चौथी जागा नेहमीप्रमाणे रिकामी ठेवली आहे. वर्गणी खजिनदारांकडे द्यावी. हॉलची चावी माझ्याकडे नसते, सेक्सटनकाकांकडे असते, तेव्हा फोन त्यांना करावा, आणि दुपारी दोन ते चार करू नये.