तुम्ही विचारलंत म्हणून: इलेक्ट्रोलाइटच्या एवढं मागे का लागायचं?

पॉलिमर बॅटरीवर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कोबाल्ट-निकेल काढून तिथे सेंद्रिय पॉलिमर बसवलंत, बॅटरी पर्यावरणस्नेही झाली. आता आतल्या द्रवाची, म्हणजे इलेक्ट्रोलाइटची, एवढी काळजी कशाला?

कारण आमच्या बॅटरीत विजेच्या साठवणीत त्या द्रवाचाही वाटा असतो. नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीत लिथियम एका इलेक्ट्रोडमधून निघतं आणि दुसऱ्यात जाऊन बसतं. इलेक्ट्रोलाइट त्याला फक्त पलीकडे पोचवतो. पीटीएमए या पॉलिमरचं तसं नाही. 2002 मध्ये जपानच्या एनईसी या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतल्या संशोधकांनी तो बॅटरीत वापरून दाखवला. चार्ज होताना त्याच्या साखळीवरचा एकेक नायट्रॉक्साइड गट (नायट्रोजन-ऑक्सिजनची जोडी) इलेक्ट्रॉन सोडून धनप्रभारित होतो आणि तो प्रभार तोलायला इलेक्ट्रोलाइटमधला ऋण आयन आत ओढून घेतो. हा आयन द्रवात विरघळलेल्या क्षारातून येतो, म्हणजे क्षारच खर्ची पडतो. तो कमी पडला, तर पॉलिमर कितीही उत्तम असो, पूर्ण चार्ज होणार नाही. म्हणून द्रव भरपूर लागतो, आणि तोच घातक असेल तर बाकी सगळं निर्धोक असून काय उपयोग?

आज सर्रास वापरतात तो क्षार म्हणजे लिथियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट, तोही पेट घेणाऱ्या कार्बोनेट द्रावकात. त्याला पाण्याचा अंश लागला की विषारी हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. त्यामुळे सेल बांधायचा तो कोरडा आर्गॉन वायू भरलेल्या पेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून.

पर्याय आहेत. कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, युरिया शेतात. दोन्ही पांढरे, घन. कोलीन क्लोराइडच्या एका मोलाला (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप) दोन मोल युरिया घेऊन ऊब दिली की भुकटी आधी ओलसर होते, मग तिचा गिचका होतो आणि शेवटी स्वच्छ, पारदर्शक द्रव उरतो. गार झाल्यावरही तो खोलीच्या तापमानाला गोठत नाही. अडचण एकच, पण मोठी: तो पाण्याच्या शेकडो पट दाट असतो, आयन त्यात रेंगाळतात. थोडं पाणी घातलं की बराच सैल होतो.

माझा कौल मात्र मिठाच्या पाण्याला. 2015 मध्ये जर्मनीतल्या येना विद्यापीठात दोन पॉलिमर मिठाच्या पाण्यात विरघळवून, मधे सेल्युलोजचा साधा डायलिसिस पडदा लावून प्रवाही बॅटरी (जिच्यात टाक्यांतले द्रव सेलमधून खेळवतात) चालवली गेली. ऊर्जा लिटरमागे 10 वॅट-तासांपर्यंत, म्हणजे कमीच. सुमारे 1.23 व्होल्टच्या पुढे पाण्याचंच विघटन होऊ शकतं, ही मर्यादा राहणारच. मोबाइलसाठी हे चालणार नाही. पण सोलरची वीज रात्रीसाठी साठवणारी टाकी जड असली, मोठी असली तरी बिघडत नाही. ती पेटता कामा नये, आणि फुटली तर पाणी पुसून घेता आलं पाहिजे.