शेवटच्या मैलाचं वजन

मार्च लागला की मला येणाऱ्या निम्म्या फोनांवर एकच प्रश्न असतो: "रस्ते कधी बंद होणार?" खरं तर रस्ते बंद होतच नाहीत, फक्त गाडीतलं वजन उतरवावं लागतं. पण पशुखाद्याच्या गिरणीत बसून कुठला ट्रक कुठे आणि किती भरून पाठवायचा हे जिला ठरवावं लागतं, तिच्या दृष्टीने त्यात फार फरक नाही.

मी मध्य मिनेसोटात, दूधधंदेवाल्यांच्या मुलखात राहते. मूळ शिरोळ तालुक्यातली, त्यामुळे ओव्हरलोड गाडी आणि तिच्यामागे खचलेला रस्ता हे लहानपणापासून बघत आलेय. पण थंडीने रस्ता पक्का होतो आणि उन्हाने मोडतो, हे मात्र इथे आल्यावरच कळलं. जानेवारीत जमीन चार-पाच फूट खोल गोठली की इथलं सरकार ठराविक रस्त्यांवर 10 टक्के जास्त वजन न्यायला मुभा देतं. त्यातल्याच काही रस्त्यांवर मार्चमध्ये वजन निम्म्यापर्यंत उतरवावं लागतं.

कारण मातीत आहे. हिवाळ्यात जमीन वरून खाली गोठत जाते आणि खालचं पाणी त्या गोठणाऱ्या थराकडे वर ओढलं जातं. गाळाची बारीक माती असेल तर हा प्रकार सगळ्यात जास्त. मग मातीत बर्फाचे पातळ पापुद्रे तयार होतात आणि रस्ता जागोजागी फुगतो. मार्चमध्ये ऊन पडलं की वितळणंही वरूनच सुरू होतं. वरचा फूटभर वितळतो, त्याखालचा थर अजून दगडासारखा. पाणी खाली जाणार कुठे? परातीत साचल्यासारखं ते खडीतच अडकतं. वरून डांबर अगदी धडधाकट दिसतं, खाली नुसता रबरबाट.

खडीच्या रस्त्यावर तर हे डोळ्यांनी दिसतं. गेल्या एप्रिलमध्ये एका गोठ्याच्या वाटेवर आमचा ट्रक पुढे आणि मी मागे माझ्या गाडीत. चाकं पुढे सरकली की दोन्ही बाजूंनी जमीन हळूच वर यायची, चाक गेलं की खाली बसायची, आणि चाकोरीत करडं पाणी झिरपायचं. ट्रक अर्धासुद्धा भरलेला नव्हता. मी उतरून बुटाची टाच दाबली तर खडी बाजूला झाली आणि खाली लोण्यासारखी नव्हे, चक्क पातळ माती लागली. ड्रायव्हर साठीच्या पुढचा, खिडकीतून म्हणाला, "बाई, तू उभी आहेस तिथे पुढच्या आठवड्यात उभी राहू नकोस."

तारीख कॅलेंडर बघून ठरत नाही. राज्याचं वाहतूक खातं रोजच्या तापमानावरून वितळण्याचा हिशोब मांडतं. ऊन चढेल तसं काळं डांबर हवेपेक्षा जास्त तापतं, तेही त्यात धरलेलं असतं. साठलेली बेरीज, म्हणजे रोज गोठणबिंदूच्या जितके अंश वर त्यांची मिळवणी, 25 फॅरनहाइट-दिवसांच्या पुढे जाणार असं अंदाजात दिसलं की किमान तीन दिवस आधी घोषणा होते. राज्याचे सहा झोन आहेत, दक्षिणेकडच्या झोनांत निर्बंध आधी लागतात, उत्तरेकडच्यांत नंतर. शेजारी मिशिगनमध्ये पद्धत निराळी: तिथे कायद्यानेच डांबरी रस्त्यावर 35 टक्के आणि काँक्रीटवर 25 टक्के कपात. मला आमची पद्धत पटते. फक्त तीन दिवसांची सूचना म्हणजे माझ्यासाठी तीन रात्री झोपेचं खोबरं, कारण निर्बंध लागायच्या आत जो तो आपली खाद्याची कोठी काठोकाठ भरून मागतो.

आता खरी गोम. पाच एक्सलचा (चाकांच्या आसांचा) ट्रक हायवेवर 80,000 पौंडांपर्यंत चालतो. पुढे काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाचा रस्ता, त्यावर निर्बंधाच्या दिवसांत एका एक्सलला 9 किंवा 7 टनांची पाटी. आणि शेवटचा मैलभर टाउनशिपचा, म्हणजे गावपातळीच्या कारभाराचा खडीचा रस्ता, तिथे एका एक्सलला 5 टन, म्हणजे इथल्या हिशोबाने 10,000 पौंड. पाटी नसली तरी हीच मर्यादा. हायवेवर एका एक्सलला 20,000 चालतात, त्यामुळे एकूण वजनही त्याच प्रमाणात निम्म्यावर, 40,000 वर येतं. रिकामा ट्रक आणि ट्रेलरच जवळपास 30,000 चा. म्हणजे 50,000 पौंड खाद्याच्या जागी 10,000! वजन निम्मं झालं, पण माल पाचवा हिस्साच राहिला. आणि गिरणीतून निघतानाच तेवढा भरावा लागतो. चाळीस मैल दणकट रस्ता मोकळा असून काय उपयोग, भरायचं किती हे त्या शेवटच्या मैलालाच विचारायचं.

"पाच फेऱ्या मारल्या तर रस्ता पाचपट खराब होणार नाही का?" हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच. नाही होत. इलिनॉयमधल्या ऑटवा इथे 1958 ते 1960 मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर ट्रक फिरवत ठेवले होते. त्यातून निघालेला ठोकताळा असा की एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की नुकसान साधारण सोळापट होतं. निम्म्या वजनाच्या पाच फेऱ्या मिळूनही एका भरलेल्या फेरीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच जातात. रस्ता वाचतो. डिझेल आणि ड्रायव्हरचे तास मात्र वाचत नाहीत, ते बिलात येतात.

चोरून न्यावं म्हटलं तर तेही अवघड. इथे काटा चुकवला म्हणजे सुटलो असं नसतं, वजनाच्या पावत्या तपासून नंतरही दंड होऊ शकतो. आमच्या ऊसपट्ट्यात हा नियम नेला तर काय होईल, याची कल्पना करून मी एकटीच हसते.

पण हे बिल कोणी भरायचं, यावर माझं इथल्या लोकांशी पटत नाही. मिनेसोटात पावणेदोन हजारांहून जास्त टाउनशिप आहेत. त्यांचा कारभार शेजारपाजारचे निवडून दिलेले लोक बघतात, आणि मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी गावसभेत कर किती लावायचा ते हात वर करून ठरतं. जमीन वितळायच्या ऐन तोंडावर! खडीला पैसे नकोत म्हणून हात वर करणारे बरेच. पण त्यांच्यातल्या बहुतेकांच्या दारात गोठा नाही, वेगळी नोकरी आहे, चारचाकीला 5 टनांचं काय देणंघेणं? त्या रस्त्यावर उरलेला एकटा दूधवाला मात्र दर वसंतात जास्त फेऱ्यांचं भाडं मोजतो. रस्ता सगळ्यांचा, वाचवण्याचा खर्च एकाचा.

यंदा मी आमच्या मालकांपुढे एक गोष्ट मांडली आहे: या आठवड्यांतलं जादा भाडं फक्त शेवटच्या मैलावरच्या गिऱ्हाइकावर न टाकता वर्षभरात सगळ्यांवर थोडं थोडं पसरवायचं. "हायवेलगतचे ओरडतील," असं ते म्हणाले. ओरडतीलच. निर्णय अजून व्हायचाय, आणि दक्षिणेच्या झोनची घोषणा बहुतेक याच आठवड्यात येईल.