मांडूळ, रिव्ह्यूअर आणि दशांशचिन्हापुढचे आकडे

मंगळवार, रात्री

आमचा शोधपेपर ज्या नियतकालिकाकडे पाठवला होता, त्याच्या संपादकांचा मेल दुपारी तास सुरू असतानाच येऊन पडला होता. उघडला मात्र घरी येऊन, चहा झाल्यावर. मेजर रिव्हिजन. म्हणजे नकार नाही आणि होकारही नाही. दोन महिन्यांत उत्तरं द्या, मग बघू. खाली पेपर तपासणाऱ्या दोन तज्ज्ञांची, म्हणजे रिव्ह्यूअरांची, मतं. एकाचं पानभर, दुसऱ्याचं चांगलंच लांबलचक.

पेपर छोटाच आहे. आमच्या तालुक्यात नदीकाठच्या वावरांत निघणाऱ्या मांडुळांच्या शेपटीवरचे व्रण, एवढाच विषय. (कोणती नदी ते इथंही लिहीत नाही. कारण पुढे येईल.) मांडुळाची शेपूट तोंडासारखीच बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. छेडलं की तो डोकं वेटोळ्याखाली घालतो आणि शेपूट पुढे करतो. उंदराच्या बिळात पिल्लं खायला शिरला की उंदरीण त्या शेपटीला चावत असावी, असं मानलं जातं. पण व्रण वखराचेही असतात, कुदळीचेही असतात, आणि शेपटीवर डोळे-तोंड दिसावं म्हणून गारुड्यांनी मुद्दाम केलेलेही असतात. हे सगळे एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात का, ते आम्ही पाहत होतो. वावरातून फोन आला की आमचा सर्पमित्र जातो, वनविभागाच्या माणसासमोर मोजमाप आणि फोटो होतात, आणि साप त्याच शिवारात परत सोडला जातो. परवानगीच्या पत्राचा क्रमांक पेपरात दिलेला आहेच.

पहिला रिव्ह्यूअर शिस्तीचा माणूस दिसतो. किंवा बाई. नाव आपल्याला कळत नाही, त्यांना मात्र आपलं नाव, कॉलेज, गाव सगळं दिसत असतं. या पद्धतीचा मला पूर्वी राग यायचा. आता वाटतं, खेड्यातल्या कॉलेजचं नाव वाचूनही कुणी इतकं बारकाईनं वाचत असेल तर वाचू दे. त्यांचा एक प्रश्न असा, की प्रजातीच्या नावापुढे ‘रसेल, १८०१’ हे कंसात का? उत्तर लिहायला मजा आली. पॅट्रिक रसेलनं १८०१ मध्ये या सापाला नाव दिलं तेव्हा प्रजाती ‘बोआ’ या वंशात टाकली होती. पुढे ती ‘एरिक्स’ वंशात गेली. वंश बदलला की मूळ नाव देणाऱ्याचं नाव कंसात घालायचं, असा प्राणिनामकरणाच्या संहितेचा नियम आहे. प्रजातीचं ‘जॉनाय’ हे नाव तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन या जर्मन पाद्र्यावरून आलेलं. तिकडं मिशनचं काम करता करता तो प्राणी गोळा करायचा. हे उत्तरात लिहायची गरज नव्हती, तरी एक ओळ लिहिली.

गुरुवार

याच रिव्ह्यूअरचा दुसरा मुद्दा मात्र दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्या बहुतेक नोंदी रात्रीच्या आहेत. मांडूळ रात्रीच बाहेर पडतो हे खरं, पण त्या वेळी शेतात माणूस का होता? तुम्ही मोजलंय ते सापाचं फिरणं, की माणसाचं?

दूर कुठंतरी बसलेल्या माणसाला हे सुचलं, आणि आम्हाला इथं राहून उत्तर इतकं जवळ होतं की ते दिसतच नव्हतं. कृषिपंपाची लाईन. आमच्याकडे थ्री फेज कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणसं बॅटरी घेऊन वावरात असतात. बिळात पाणी शिरलं की उंदीर बाहेर, मांडूळही बाहेर. ज्या आठवड्यात लाईन दिवसाची, त्या आठवड्यात फोनच कमी.

म्हणून आज कॉलेज सुटल्यावर लाईनमनकडे जाऊन गेल्या दोन हंगामांच्या पाळ्यांचं वेळापत्रक मागून आणलं. तो आधी घाबरलाच. त्याला वाटलं तक्रार करायची आहे. सापासाठी पाहिजे म्हटल्यावर आणखी गोंधळला. आता पेपरात एक नवा तक्ता येणार: फीडरनिहाय वीजपुरवठ्याच्या वेळा. प्राणिशास्त्राच्या पेपरात असा तक्ता मी तरी अजून पाहिलेला नाही.

स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं विचारलं, एवढं कशाला? पैसे भरले की आठवड्यात छापून देणारे आहेत, प्रमोशनला तेही चालतात. तसे मेल मलाही रोज येतात. ‘आदरणीय प्राध्यापक’ अशी सुरुवात, आणि कधी दंतवैद्यकाच्या अंकासाठी लेख पाठवा म्हणून आग्रह. २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीच बंद केली. आता चांगलं-वाईट ज्याचं त्यानं पारखायचं. मी हसून विषय बदलला. पैसे घेणाऱ्या त्या नियतकालिकानं मला लाईनमनकडे पाठवलं नसतं.

शनिवार

आता खरी अडचण. दुसऱ्या रिव्ह्यूअरनं मागितलंय: प्रत्येक सापाचं अचूक ठिकाण, अक्षांश-रेखांशांसह, जोडपत्रात.

मागणी रास्त आहे. विज्ञानात ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ चालत नाही, ठिकाण सांगावंच लागतं. आपल्या मेळघाटातल्या रानपिंगळ्याचंच, त्या छोट्या घुबडाचंच बघा. १८८४ नंतर तो कुणालाच मिळाला नव्हता. मध्ये मायनर्ट्झहॅगन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवला म्हणून एक नमुना दाखवला. तो निघाला संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना, फक्त चिठ्ठी नवी. त्या चिठ्ठीवर विसंबून लोक चुकीच्या जागी शोधत राहिले. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सोबत्यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदी धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. पुढे मेळघाटातही. म्हणजे एका खोट्या ठिकाणानं पक्षी कितीतरी वर्षं हरवून ठेवला.

पण खरं ठिकाणही प्राण्याला हरवू शकतं. दक्षिण चीनमधल्या एका पालीचं वर्णन १९९९ मध्ये छापून आलं आणि पाळीव प्राण्यांच्या बाजारात तिला इतका भाव आला, की जिथून तिचं वर्णन झालं त्या जागी ती उरलीच नाही. पकडणाऱ्यांना पत्ता शोधपत्रानंच दिला. त्याच वंशातल्या आणखी दोन पालींचं वर्णन २०१५ मध्ये झालं, तेव्हा लेखकांनी ठिकाण छापलंच नाही. २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंडेनमायर आणि शील या संशोधकांनी सरळ म्हटलं, की अशा प्राण्यांची ठिकाणं छापू नका.

आणि आमचा प्राणी तर मांडूळ! पैशाचा पाऊस, गुप्तधन, औषध, काय काय त्याच्या नावावर खपतं. भाव वजनावर लागतो. व्हिडिओ कॉलवर काट्यावर ठेवून दाखवतात. १९७२ च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे, तरी वर्तमानपत्रात महिन्या-दोन महिन्यांनी मांडुळासह चौघे ताब्यात, अशी बातमी असतेच. अक्षांशात दशांशचिन्हापुढे चार आकडे दिले की जागा अकरा मीटरच्या आत येते, म्हणजे धुरा (शेताचा बांध) आणि विहीर सोडून दुसरं काही उरत नाही. एकच आकडा दिला तर अकरा किलोमीटरचा पट्टा होतो. आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप याहून मोठ्या चौकटीत धूसर केली जाते.

ज्या काकाजींच्या वावरात सगळ्यात जास्त साप निघाले, त्यांना फोन केला. त्यांना अक्षांश-रेखांश समजावावे लागले नाहीत, मोबाइलवरचा नकाशा त्यांना ठाऊक आहे. म्हणाले, “मॅडम, साप तं जाईनच. पन ते लोक रातच्याला वावरात शिरतीन, मोटरीचा केबल बी नेतीन. मंग मी कोनाले सांगू?” रिव्ह्यूअरसाठी लिहिलेल्या माझ्या दोन पानांपेक्षा हा मुद्दा जास्त पटण्यासारखा आहे. चोरी फक्त प्राण्याची नसते.

म्हणून उत्तर असं लिहिलं: ठिकाण बदललेलं नाही, फक्त धूसर केलं आहे. पेपरात तालुका, मातीचा प्रकार, नदीपासूनचं अंतर आणि दशांशाचा एकच आकडा. पूर्ण आकडे वनविभागाकडे आणि संपादकांकडे बंद फाइलमध्ये. कुणा संशोधकाला पडताळायचं असेल तर त्यानं कारण देऊन मागावेत. फोटोंमधली जीपीएसची माहितीही काढून टाकली. संपादकांना हे मान्य होईल का, माहीत नाही. मी त्यांच्या जागी असते तर केलं असतं, पण त्यांच्यासमोर शंभर पेपर असतात आणि नियम सगळ्यांना एकच लावावा लागतो.

रविवार, सकाळ

सगळं जुळलं असं वाटत असतानाच सर्पमित्र आला. तो पेपरचा सहलेखक आहे. साप त्यानं पकडले, शेपटीचे निम्मे फोटो त्याचे, वखराचा व्रण आणि दाताचा व्रण यांतला फरकही आधी त्यालाच कळला. आभारात एक ओळ देऊन भागवणं मला पटत नव्हतं. पण लेखकाच्या नावाखाली पत्ता लागतो. त्याचा पत्ता म्हणजे त्याचं गाव, आणि त्याच्या गावाला लागून दोनच शिवारं आहेत.

त्याला हे सांगितलं तर तो आधी गप्प, मग चिडला. “गावाचं नाव नाही तं मले कोन ओयखन?” त्याचंही खरं आहे. दहावीनंतर शाळा सुटलेल्या पोराचं नाव पहिल्यांदा अशा ठिकाणी छापून येणार, आणि मी सांगतेय गाव लिहू नको. माझ्या नावाखाली कॉलेजचं नाव, पिनकोड, सगळं ऐटीत आहे.

बऱ्याच वेळानं तोच म्हणाला, “मंग कॉलेजचा पत्ता द्या ना माया नावाखाली.” त्यासाठी कॉलेजशी त्याचा काही कागदोपत्री संबंध दाखवावा लागेल. प्राणिशास्त्र विभागात मानद क्षेत्र सहायक, असं काहीतरी. बिनपगारी. उद्या प्राचार्यांकडे अर्ज घेऊन जायचं आहे. अर्ज त्याच्याच अक्षरात लिहून घेतला, आणि सही करताना त्यानं खाली सवयीनं गावाचं नाव घातलं, ते तसंच राहू दिलं. तो कागद कॉलेजच्या फाइलमध्येच राहणार आहे.