नावे घातलेली भांडी : सातारा, मेणवली आणि औंध

जुन्या वस्तू पाहण्यासाठी आम्ही दोघी बहिणी सांगलीहून शुक्रवारी रात्रीच साताऱ्यात मुक्कामाला गेलो आणि शनिवारची सकाळ वाईजवळच्या मेणवलीस दिली. नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट पाहून मेणेश्वराजवळची घंटा अवश्य पाहावी. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली, त्या मोहिमेतून आलेल्या या पोर्तुगीज घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. घाटावर सावली कमी असल्याने नऊच्या आत पोहोचणे चांगले.

दुपारी साताऱ्याच्या पेठेतील जुनी भांडी मोडीत घेणाऱ्या एका दुकानात शिरलो आणि तेथे तीन तास कसे गेले ते कळले नाही. घंगाळी, समया, अडकित्ते, चुनाळी, फिरकीच्या झाकणाचे तांबे असा ढीग होता. दुकानदारकाकांनी आम्ही काही घेणार की नाही हे न विचारता आधी पाणी दिले आणि मग एकेक भांडे उजेडात नेऊन दाखवले. हाताने घडवलेल्या जुन्या तांब्याच्या भांड्यावर ठोक्यांच्या खुणा असतात आणि पुष्कळदा पत्र्याच्या कडा एकमेकींत अडकवलेला दातेरी सांधा दिसतो. मुद्दाम हिरवट डाग पाडलेल्या नव्या भांड्यात हा डाग सारखा पसरलेला असतो. खिशात लहान चुंबक ठेवावे, कारण पितळ त्याला चिकटत नाही, आणि वरून मुलामा दिलेले लोखंड लगेच उघडे पडते. स्वयंपाकासाठी घ्यायचे असेल तर कल्हईचा खर्च आधीच मनात धरावा.

कोपऱ्यातल्या फडताळात मात्र काही भांडी वेगळी मांडली होती. त्यांतल्या एका कळशीवर शके १८६५, मुलीचे नाव, आडनाव आणि तासगाव एवढे कोरलेले होते. मी किंमत विचारली, तेव्हा काका म्हणाले, “ताई, नाव घातलेलं भांडं मी वर्षभर वितळवायला देत नाही. अडचणीत कुणीतरी मोडीत घातलेलं असतं, घरचं माणूस शोधत आलं तर?” ज्यांचे तोंडही पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी इतके भांडवल अडकवून ठेवणारा माणूस मी प्रथमच पाहिला. त्यांच्याशी घासाघीस करायला माझी जीभ रेटली नाही. सांगितलेल्या भावाने बिननावाचा एक फिरकीचा तांब्या घेतला. घासाघीस करूच नये असे मी म्हणणार नाही, परंतु वजनाचा भाव कळल्यावर घडणावळीसाठी भांडू नये, असे मला मनापासून वाटते. शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती वा कलावस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो आणि त्या परदेशी नेता येत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. देवळातून निघालेली वाटणारी मूर्ती कोणी दाखवली तर सरळ बाहेर पडावे.

रविवारी रहिमतपूरमार्गे औंधला गेलो. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली आपला संग्रह येथे टेकडीवर लोकांसाठी खुला केला. राजा रविवर्म्यांची चित्रे आणि हेन्री मूर यांचे माता-बालकाचे शिल्प एवढ्याशा गावात, कुणाही वाटसरूला पाहता यावे, यामागच्या मनाचा मोठेपणा दालनादालनात जाणवतो. यमाईचे दर्शन आणि संग्रहालय मिळून अर्धा दिवस ठेवावा. सुटीचा वार आणि वेळ निघण्यापूर्वी विचारून घ्यावी. पायऱ्यांवर दम लागून बसलो असता शेजारच्या आजींनी “उन्हाचं आलाय, नुसतं पाणी पिऊ नगा,” म्हणत गुळाचा खडा हातावर ठेवला.

परतताना विट्यावरून तासगावला उतरलो. काकांच्या परवानगीने कळशीवरच्या अक्षरांचे छायाचित्र घेतले होते, ते भांड्यांच्या एका जुन्या दुकानात दाखवले. तेथील वृद्ध गृहस्थांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, साताऱ्याच्या दुकानाचा पत्ता वहीत उतरवून घेतला आणि त्या आडनावाची दोन घरे वरच्या आळीत आहेत, संध्याकाळी विचारून येतो, असे सांगितले.